विहीर कोणत्या महिन्यात आटते, ते मोजा

मा. जलसंपदा मंत्री आणि मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात राहते. दीड एकर भाताचा मळा, वर सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून थोडे वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), काजूची साठ झाडे, हापूसची बावीस कलमे आणि घरामागे नारळ-सुपारीचे आगर, एवढी आमची शेती. पाच वर्षे ग्रामपंचायतीत सदस्य होते. त्यामुळे सरकारी कागद कुठून निघतो आणि कुठे अडतो, हे थोडेफार बघितलेले आहे. आपल्या दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण शंभर हेक्टरपर्यंतचे सिंचनाचे काम जिल्हा परिषदेचे, सहाशेपर्यंतचे मृद व जलसंधारणचे आणि त्यावरचे जलसंपदाचे, अशी वाटणी आहे. आमच्या वाडीच्या वरून उतरणारा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, खाली वहाळाला, म्हणजे मोठ्या ओढ्याला मिळतो, वहाळ नदीला, नदी खाडीला. तीन-चार कोसांच्या या वाटेत तीन खाती लागतात आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

कोरडवाहू शेतकरी म्हटले की डोळ्यांसमोर माणदेश येतो, मराठवाडा येतो. तिथले हाल खरे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोकणातला शेतकरीही कोरडवाहूच आहे, हे कुणी मनावर घेत नाही. आमच्याकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तो सगळा चार महिन्यांत. राज्याच्या क्षेत्रफळात कोकणाचा वाटा दहावा, पण पाण्यात जवळपास निम्मा. हे आकडे भाषणात ऐकायला बरे वाटतात. दिवाळीनंतर आमच्या मळ्यात उभे राहून पाहिले तर भाताची रोपे कापल्यावरचे बुडखे असतात, जमिनीत थोडी ओल असते, तेवढ्यावर कुळीथ नाहीतर पावटा पेरायचा. तो पिकला तर पिकला. त्यापुढे जूनपर्यंत जमीन पडून. वर्षातले आठ महिने ज्या शेताला पाणी नाही, ते शेत कोरडवाहू नाही तर काय आहे?

पाणी थांबत का नाही, हे आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर. नद्या आखूड, उतार जोराचा. खाली जांभा दगड, त्यावर वीतभर माती. जांभ्याला भोकेच भोके, त्यातून पाणी आत जाते आणि आत थांबत नाही, खालच्या अंगाला झरा होऊन फुटते आणि निघून जाते. जुलैत आमच्या विहिरीतले पाणी हाताने घ्यावे इतके वर असते. त्याच विहिरीच्या तळाशी मे महिन्यात उतरून वाटीने खरवडून हंडा भरलेला मी पाहिला आहे, भरलाही आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पहिल्या मजल्यापर्यंत बुडाले, ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितले. त्याच तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, ते कुणी दाखवत नाही.

आमच्या विहिरीला बावीस पायऱ्या आहेत. सासूबाईंना लिहिता येत नव्हते, पण पाणी कितव्या पायरीवर आहे हे त्या रोज बघायच्या आणि त्यावरून आगराचे शिंपणे ठरवायच्या. दहाव्या पायरीपर्यंत रोज, चौदावी उघडी पडली की एक दिवसाआड, सतरावी दिसली की सुपारी तेवढी जगवायची, केळी सोडून द्यायच्या. त्या गेल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. पंधरा वर्षांची कॅलेंडरे माझ्याकडे आहेत. आज हे पत्र लिहायला बसले ते त्या कॅलेंडरांमुळे.

त्यात एक गोष्ट इतकी उघड दिसते की शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. ज्या वर्षी पऱ्यावर बंधारा दसरा-दिवाळीच्या मध्ये बांधला, त्या वर्षी सतरावी पायरी मेच्या मध्यावर उघडी पडली. ज्या वर्षी तो जानेवारीत बांधला, त्या वर्षी शिमग्याच्या पालख्या नाचत होत्या तेव्हाच ती पायरी दिसायला लागली होती. पऱ्या तोच, विहीर तीच, पाऊसही फार कमी-जास्त नाही. दोन महिन्यांचा फरक पडला तो बंधाऱ्याच्या तारखेने. सासूबाई म्हणायच्या, पाणी दसऱ्याला अडवायचं, शिमग्याला नाही.

वनराई बंधारा कसा होतो ते आपण फोटोत पाहिले असेल. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, काठावरच्या मातीने भरायची, सुतळीने तोंड शिवायचे. आमचा पऱ्या त्या ठिकाणी बारा-तेरा हात रुंद आहे. आधी तळातले गोटे आणि पाला काढून खडक मोकळा करावा लागतो, नाहीतर पाणी खालून चोर वाटेने निघते. मग पोत्यांच्या दोन रांगा, मध्ये हातभर जागा, त्या जागेत चिकणमाती. ती बायका पायाने तुडवतात, भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या भोकांत कोंबतात. मधोमध जास्तीचे पाणी जायला तोंड ठेवायचे, नाहीतर अवकाळीचा एक पाऊस सगळे घेऊन जातो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर संपता संपता आम्ही एकवीस माणसांनी तो एका दिवसात घातला, त्यात चौदा बाया बचत गटाच्या. दुपारी तीनला शेवटचे पोते बसले. दिवेलागणीला मागे गुडघाभर पाणी चढले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वळणापर्यंत डोह झाला होता. त्या वर्षी वाडीतल्या अकरा घरांनी मळ्यात लाल माठ, मुळा, चवळी, गवार केली. मी स्वतः होळीपर्यंत आठवड्यातून दोनदा देवरुखच्या बाजारात भाजी नेली. गटाचे कर्ज मी त्या भाजीवर फेडले.

आता दुसरी बाजू. आमच्या वाडीपासून दीड किलोमीटर खाली वहाळावर कोल्हापूर पद्धतीचा पक्का बंधारा आहे. भिंती चांगल्या आहेत, खांब चांगले आहेत. पावसाळ्यानंतर खांबांच्या मध्ये लोखंडी फळ्या बसवल्या की पाणी तुंबते, पावसाआधी त्या काढायच्या, एवढेच त्याचे तंत्र. चार वर्षांपूर्वी त्या फळ्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. त्याआधी मी तीन वेळा त्या कार्यालयात जाऊन आले, दर वेळी निविदा व्हायची आहे असे उत्तर मिळाले. फळ्या आल्या तेव्हा वहाळात बोटभर धार होती. फळ्यांच्या कडेचे रबर गेलेले, त्यामुळे होती तीही धार खालून निघून गेली. वर्षअखेरीला कागदावर मात्र तो बंधारा आणि त्याखालचे क्षेत्र ‘सिंचित’ म्हणून लागले. त्या क्षेत्रात माझ्या नणंदेचा मळा आहे. त्यात त्या वर्षी गवताची काडी उगवली नाही.

महोदय, माझे मुख्य म्हणणे इथे आहे. सिंचनाची मोजदाद हेक्टरमध्ये होते, ‘निर्मित सिंचनक्षमता’ इतके हजार हेक्टर अशी. कोकणात तो आकडा काहीच सांगत नाही. आमच्याकडे मोजायचे ते असे, की गावातली विहीर कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. बंधारा झाल्यावर ती मार्चवरून मेवर गेली तर सिंचन वाढले. नाही गेली तर कितीही काँक्रीट ओतलेले असो, वाढले नाही. प्रत्येक महसुली गावात चार-पाच विहिरी ठरवा, पायऱ्यांवर नाहीतर कठड्यावर आकडे रंगवा, आणि दर पंधरा दिवसांनी पाणी कुठे आहे ते ग्रामपंचायतीत लिहून ठेवायला लावा. आशाताई, शाळेतली मुले, बचत गट, कुणीही हे करील. त्या वहीवरून पुढच्या वर्षीचा पैसा कुठे द्यायचा ते ठरवा.

आणि पैसा वेळेवर द्या. कच्च्या बंधाऱ्यांची मोहीम जिल्हा परिषद दरवर्षी काढते, आमचे ग्रामसेवकही झटतात, पण उद्दिष्टाचा कागद येतो तेव्हा पऱ्यातले पाणी निम्मे गेलेले असते. पोती, मातीचा एखादा ट्रॅक्टर, दोन वेळचा चहा-नाश्ता आणि रोजगार हमीतली मजुरी, एवढाच खर्च. तो सप्टेंबरअखेर ग्रामपंचायतीच्या खात्यात असेल, असा एक आदेश निघाला तर निम्मे काम झाले. पक्क्या बंधाऱ्यांच्या फळ्या आणि रबर पावसाळ्यातच तपासून ठेवा. पाऊस परतला की आठवड्याभरात त्या बसल्या पाहिजेत. त्यासाठी निविदेची वाट बघावी लागत असेल तर ते काम पाणीवापर करणाऱ्या गावकऱ्यांकडे द्या, फळ्यांची किल्ली आणि वर्षाचा ठरलेला खर्च त्यांच्या हातात द्या.

मोठ्या धरणांना माझा सरसकट विरोध नाही. पण कोकणात त्यांचे काय झाले ते बघायला हवे. कोकण पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ मध्ये झाले. तिलारीचे धरण झाले, पण कालवे फुटल्याच्या बातम्या दोडामार्गातून येतच राहतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची घरे माणसांसकट वाहून गेली. आमच्या भागातली माणसे अजूनही जास्त पाऊस लागला की वरच्या धरणाकडे बघत झोपतात. पालघरमध्ये सूर्या नदीचे पाणी ज्या आदिवासी शेतकऱ्यांच्या नावाने अडवले, त्यांच्या आधी ते शहरांकडे वळले.

याच कोकणात मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. १५३० साली बांधला असे सांगतात. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घातला, त्याचे पाणी आजही धामापूर आणि काळसे गावांत जाते. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. तो बांध जवळपास पाचशे वर्षे टिकला, कारण तो जागा बघून घातला आणि ज्यांच्या शेतात पाणी जाते त्यांनीच राखला. सिंधुदुर्गात आणि आमच्याकडेही पूर्वी वायंगणी भात व्हायचे, म्हणजे पावसाळी भात निघाले की पाटाच्या पाण्यावर दुसरे. वायंगणी नावाची गावे, वायंगण नावाचे मळे अजून सात-बारावर आहेत. नावे राहिली, पाट बुजले. निदान तालुक्यातले असे जुने पाट आणि तळी शोधून मोजायला सांगा. नव्या प्रकल्पाच्या सर्वेक्षणाला जितका खर्च येतो, त्याच्या काही अंशात ते होईल.

एका मोठ्या पाण्याबद्दल मात्र बोलायलाच हवे. कोयनेचे पाणी वीज करून पश्चिमेला कोळकेवाडीतून वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. कोयना धरण भरले की १०५ टीएमसी होते, यावरून हे पाणी किती ते कळावे. ते वर्षभर येते, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. थोडे उद्योगांना आणि नळयोजनांना लागते, बाकीचे दाभोळच्या खाडीत. आता रायगडात बघा. भिऱ्याचे वीजघर १९२७ सालचे. मुळशीचे पाणी तिथे वीज करून कुंडलिकेत उतरते, कोलाडजवळ डोलवहाळ बंधाऱ्यावर अडते आणि कालव्याने रोहा-माणगावच्या शेतात जाते. तिथे उन्हाळ्यात हिरवीगार भाताची खाचरे बघून मी बसमध्ये उभी राहिले होते. त्या कालव्यांच्या दुरुस्तीची रड आहे, ते मला माहेरकडून कळते. पण वीजघराचे पाणी शेताला देता येते, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिसते आहे. मग चिपळूण, गुहागर आणि आमच्या संगमेश्वरच्या खालच्या अंगाला ते का देता येऊ नये? हे पाणी मुंबईला न्यायचे, उचलून घाटावर न्यायचे, अशा योजना आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. मराठवाड्यातल्या माणसाची तहान मला परकी नाही. पण ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ असे म्हणून आमच्या नद्यांची वाटणी करण्याआधी, नदीकाठच्या गावांना किती लागेल, खाडीतल्या मासळीला आणि खाजणांना (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींना) किती गोडे पाणी लागेल, ते आधी मोजून बाजूला ठेवा. मग उरेल ते कुठेही न्या.

आता आमच्या बाजूच्या अडचणी, त्या लपवायच्या नाहीत.

पहिली सात-बाराची. आमच्या मळ्याच्या उताऱ्यावर चौतीस नावे आहेत. त्यातली सहा माणसे वारली, त्यांच्या वारसांची नोंद नाही. बाकीची डोंबिवली, नालासोपारा, एक सुरतेला. गणपतीला सगळे येतात, प्रेमाने राहतात, आणि पाचव्या नाहीतर सातव्या दिवशी परत जातात. विहिरीच्या योजनेला, ठिबकला, पाइपलाइनला प्रत्येक ठिकाणी सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. मी त्यासाठी एका गणपतीत एकोणीस सह्या घेतल्या, पुढच्या गणपतीपर्यंत योजनेची मुदत संपली. मालकी आम्हाला नको आहे. जे काम जमिनीच्या मालकीला धक्का लावत नाही, म्हणजे पाण्याची पाइप, जलकुंड, सामायिक मोटर, त्याला प्रत्यक्ष कसणाऱ्याचा ग्रामसभेतला ठराव पुरेसा मानावा. हा एक बदल झाला तर कोकणातले निम्मे अडलेले अर्ज सुटतील, असे मी पाच वर्षे त्या अर्जांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून सांगते आहे.

दुसरी माकडांची आणि डुकरांची. एकट्याने मळा केला तर पीक वानरे खातात, राखणीला माणूस परवडत नाही, आणि पुढच्या वर्षी तो मळा ओसाड पडतो. अकरा घरांनी मिळून केला तेव्हा राखणीची पाळी लावली, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून तीन दिवस आले. म्हणून पाणी द्यायचे तर सबंध मळ्याला द्या. एखाद-दुसऱ्याला विहीर आणि पंप देऊन भागत नाही.

तिसरी उंचीची. आमच्याकडे बरेचदा पाणी वर आणि शेत खाली असते, म्हणजे वीज न वापरता पाइपने उतरवता येते. काही वाड्यांनी स्वतःच्या पैशाने तसे केलेही आहे. पण वरच्या झऱ्यावर धनगरवाडीची तहान भागते. खालच्या मळ्याने तो झरा बांधून घेतला तर वरच्या बायांच्या डोक्यावरचा हंडा आणखी लांब जाईल. त्यामुळे झऱ्याचे पाणी आधी वरच्या वस्तीला प्यायला, गुरांना, आणि मग खाली शेताला, असा नियम योजनेतच लिहावा. नाहीतर पाण्यावरून भांडणे आपणच लावून दिल्यासारखे होईल.

सड्यावरच्या कलमांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जलकुंडाची पद्धत कधीच दाखवली आहे. कातळात खड्डा, आत जाड प्लास्टिक, पावसाळ्यात भरायचा, वर झावळ्या घालायच्या, आणि पहिली तीन वर्षे काजू-आंब्याची कलमे त्यावर जगवायची. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली म्हणून आमचे पडीक डोंगर हिरवे झाले. तेव्हा रोपाला पैसे मिळाले. आता रोपाबरोबर त्याच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यालाही मिळावेत. मोठी शेततळी मागण्यासारखी सपाट जागा आमच्याकडे नाही. चार-पाच हजार लिटरची खूप जलकुंडे द्या.

आपण दोघांपैकी कुणीतरी आमच्याकडे यावे अशी विनंती आहे. मेमध्ये टँकरच्या रांगेपाशी नको, ते फोटो खूप झाले. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात या. या वर्षी आम्ही कुणाची वाट न बघता बंधारा घालणार आहोत. सिमेंटची तीनशे चाळीस पोती जमली आहेत, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून मांगरात आढ्याला टांगून ठेवली आहेत. सुतळी गटाने आणली. चिकणमाती कुठून काढायची ते ठरले आहे. सोबत तालुक्याचे अधिकारी आणा, म्हणजे खालच्या पक्क्या बंधाऱ्याच्या फळ्या त्या दिवशी कुठे आहेत तेही तिथल्या तिथे बघता येईल. माझी कॅलेंडरेही मी काढून ठेवते.

पऱ्याकडे उतरायची वाट पावसाने निसरडी झालेली असते. ती आम्ही आदल्या दिवशी साफ करून ठेवू.

आपली,
एक शेतकरी बाई
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी